जपानी पैलवान आणि माझं मरण

दशावतारात मी तीस वर्षं राजपार्ट केला. राजा मीच, आणि शेवटी राक्षसाला मारायचा तोही मीच. मग गुडघे कुरकुरू लागले आणि कंपनीच्या मालकाने माझा मुकुट माझ्या भाच्याच्या डोक्यावर ठेवून मला राक्षस दिला. मी बरं म्हटलं. मनातून जळफळलो, खोटं कशाला बोलू?

भाचा तिशीचा. गोव्यातली हॉटेलातली नोकरी सोडून आलेला. दिसायला देखणा, गळाही चांगला. पण आमच्यात लिहिलेलं नाटक नसतं, संवाद उभ्याउभ्या सुचावे लागतात, आणि तिथेच त्याची बोंब. टेम्पोतून गावोगाव जाताना तो मोबाइलवर एका जपानी पैलवानाच्या कुस्त्या बघायचा, मलाही दाखवायचा. त्या कुस्त्यांत कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, हे कळल्यावर मी त्याची यथेच्छ टर उडवली. खोट्या कुस्तीला कसली टाळी, म्हटलं. तो शांतपणे म्हणाला,

"मामा, तुमचो राक्षस तरी खंय खरो मरता?"

मी विषय बदलला. पण पुढे मीच विचारू लागलो. पैलवान खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. पहिली काही वर्षं नुसता हरायचा. थोरांच्या हातून रोज आपटून घेणं हेच त्याचं शिक्षण. मग अजिंक्यपदाचा पट्टा मिळाला, तो वर्षानुवर्षं कमरेवरून उतरला नाही. स्वतःची कंपनी काढली, पोरं तयार केली. तिकडच्या निम्म्या पैलवानांनी त्याची ढब उचलली, असं भाचा सांगे. पुढे केस पिकले आणि तो त्याच पोरांकडून हरू लागला. ते बघताना मला राग यायचा. एवढा मोठा गडी, कुणी सांगितलं होतं पडायला?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा पीळ वैभववाडीकडच्या एका जत्रेत बाहेर आला. युद्धाआधी वाद होतो, त्यात राजा राक्षसाला निरुत्तर करतो, मग तलवारी, मग राक्षस पडतो. मी निरुत्तर होईचना. तो एक बोलला की मी चार बोलायचो. लोक टाळ्या पिटत होते, पेटीवाला डोळ्यांनी 'पड, पड' म्हणत होता. राजा घामाघूम, तोंडातून शब्द नाही. शेवटी मीच कंटाळून, कुणी न मारता, आडवा झालो. लोक खदाखदा हसले, ते राजाला.

परतताना भाच्याने मोबाइल काढलाच नाही. हे आपल्याच्याने जमायचं नाही, हंगाम संपला की परत गोव्याला जातो, म्हणाला. मला लाज वाटली. बहिणीने त्याला माझ्या भरवशावर पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पैलवानाची शेवटची कुस्ती मी स्वतः लावून पाहिली. म्हातारा सहज पडला नव्हता. आधी त्याने समोरच्या तरुणाला असा धुतला की हा काही आता उठत नाही, असं वाटावं. मग मध्येच हात खाली सोडून उभा राहिला. मार, म्हणून. तरुणाने मारलं. पंचाने तीनदा जमिनीवर हात आपटला, म्हणजे कुस्ती संपली. म्हातारा पडून होता, आणि सगळे लोक त्या तरुणाचं नाव घेत होते. मी ती कुस्ती परत लावली.

आरोंद्याला तेच नाटक होतं. वादात मी भाच्याला चांगला ताणला, मग एक खोचक प्रश्न टाकून गप्प राहिलो. पेटी थांबली. भाचा एक वाक्य बोलला, आणि मग बोलतच गेला. तलवारी झाल्या, मी पडलो. टाळ्या त्याच्या होत्या. बरं वाटलं असं म्हणणार नाही, टोचलंच.

आमच्यात मेलेला राक्षस आपणच उठून आत जातो, लोकांना त्याचं काही वाटत नाही. मी उठायला गेलो तर गुडघा साथ देईना. सगळ्यांसमोर मी मेलेला, आणि धडपडतोय. राजाने तलवार म्यान केली, वाकून हात पुढे केला.

"उठा, असुरराज. तुम्ही असे पडून राहिलात, तर उद्या आम्ही मारायचं कुणाला?"

मांडव हसला. तीस वर्षांत पहिल्यांदा मला काही उत्तर सुचलं नाही. मी त्याचा हात धरला.