कुरुळीची टाकी

कुरुळीत माझी दाढी करणारा माणूस वाद घालताना गिऱ्हाइकाची हनुवटी धरून ठेवतो. त्यामुळे त्याच्याशी वादात कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही.

एकदा त्याच्या दुकानातल्या पेपरात देशातल्या लोकांच्या आवडत्या इमारतींची बातमी होती. मी ताजमहालाच्या प्रमाणबद्धतेवर बोलायला लागलो. आग्र्याला मी कधी गेलेलो नाही, पण त्यामुळे माझं बोलणं अडत नाही.

"आपली पाण्याची टाकी न्हाई व्हय त्यात?" त्याने विचारलं.

मी हसलो. ती जुनी, शेवाळलेली टाकी! वास्तूला सौंदर्य लागतं, असं मी त्याला समजावून सांगितलं. त्याने हनुवटी धरली नाही. नुसती दाढी करत राहिला.

पुढे तडे गेले म्हणून टाकी पाडली.

परवा माझ्या एका गालावर फेस असताना दुकानाच्या दारात एक जोडपं आलं. हातात पिशव्या, बोलणं लातूरकडचं. नवऱ्याला कंपनीत काम लागलं होतं आणि दोघं भाड्याची खोली शोधत होते.

"सोपं हाय. टाकीपासून डावीकडं..." एवढं म्हणून तो थांबला. रस्त्यापलीकडच्या मोकळ्या आभाळाकडे बघत राहिला. मग वस्तरा ठेवून त्याने बाईच्या हातातली जड पिशवी घेतली.

"चला, मीच दावतो."

मी अर्ध्या दाढीनिशी बसून राहिलो. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं.

"भाऊ, मालक कुठं गेलं?"

"टाकीपाशी," मी म्हणालो.