आखाजीचा मुराळी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. बोललो असतो, तर दर सणाला चारचौघांत जे भाषण ठोकतो, ते ठोकायला तोंड उरलं नसतं.

सणांचा मला वैताग येतो, आणि तो मी लपवत नाही. राखीवर प्लास्टिकचं घड्याळ काय, गणपतीच्या मंडपात मूर्तीपेक्षा मोठी साबणाची जाहिरात काय, भेटायला जायचं सोडून पाठवलेलं छापील ग्रीटिंग काय! सण म्हणजे माणसानं माणसाकडे जाणं — एवढं साधं कळत नाही? असं मी तावातावानं म्हणतो. लोक माना डोलावतात. मग माझ्या अंगाचा तिळपापड होतो — लोकांमुळे नाही, माझ्याचमुळे. म्हणजे... थांबा, नीट सांगतो.

जळगावात माझं साड्यांचं दुकान आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींचा सण. सासरची लेक माहेरी येते, झोके घेते, आमरस खाते. पण आपली आपण येत नाही. माहेरचा माणूस, मुराळी, घ्यायला गेला तरच येते. तो गेला नाही तर तिनं समजायचं, यंदा बोलावणं नाही. माझी धाकटी बहीण शकू पहूरला दिलेली. एसटीनं दीड तास. वडील नव्हते, त्यामुळे मुराळी मीच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमच्या रस्त्यावर आखाजीचा सेल पहिल्यांदा लावला तो मी. कापडी फलक रंगवून घेतला — 'माहेरवाशिणींसाठी खास'. रिक्षावर भोंगा फिरवला. आखाजीला दोन दिवस उरले असताना आईनं अंगणातल्या निंबाला झोका बांधून घेतला, शकूच्या सासरी द्यायला सांजोऱ्यांचा डबा माझ्या हातात दिला, आणि मी पहूरला म्हणून निघालो. स्टँडवर गेलोच नाही. दुकान उघडलं. गिऱ्हाईक लोटलं होतं, ते सोडून जायचं? सांजोऱ्या दुपारी दुकानातल्या माणसांनी खाल्ल्या. मस्त झाल्यात म्हणाले.

संध्याकाळी आईला काय सांगायचं? म्हटलं, सासऱ्यांनी पाठवलं नाही. इतकं सोपं गेलं ते!

आई भडकली. "त्याहीच्या दारात मी पानी नाही पेनार आता," म्हणाली, आणि आखाजीला ताटावर बसलीच नाही.

आठवड्यानं शकूचं पत्र आलं. तीन दिवस ती पिशवी भरून ओट्यावर बसली होती. माय रागावली का, असं तिनं विचारलं होतं. आईला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं — खुशाल आहे, सासरे ऐकत नाहीत. ह्याला काय म्हणायचं? भित्रेपणा? तो तर आहेच. पण एवढ्यावर थांबलो असतो तरी...

महिन्याभरात आई गेली. अचानक. शकू आली ती थेट मातीला. दहाव्याच्या दिवशी तिनं मला बाजूला घेतलं. "मायनं मले आखाजीले कामून नाही बोलावलं रे भाऊ?"

तेव्हा सांगता आलं असतं. दुकान बंद होतं, गिऱ्हाईक नव्हतं, आईची भीती नव्हती. मी म्हणालो, "मायचंच मन नव्हतं."

"बरं," म्हणाली. रडलीसुद्धा नाही.

मेलेल्या आईवर ढकललं मी. ती उलटून बोलणार नव्हती, म्हणून.

आता दर आखाजीला मी न चुकता पहूरला जातो. शकू चहा करते, काम आहे म्हणते, येत नाही. तिच्या पोरी आजी कशी होती विचारतात, तेव्हा ती विषय बदलते. मी समोरच बसलेलो असतो. आईनं तुला बोलावलं होतं, शकू — हे मी तिथं एकदाही म्हटलेलं नाही.