रावबहादुरांच्या सात काड्या

अद्भुत अनुभवांच्या या सदरात माझं नाव बघून आमच्या वाचनालयातल्या मंडळींच्या हातातला चहा सांडेल. भूत, चकवा, अंगात येणं... यांतलं काहीही मी मानत नाही. मुंजाच्या पिंपळाखाली बसून डबा खाणारा माणूस आहे मी. आजही मानत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला ताईत पाठवण्याची तसदी घेऊ नये.

मी सिताबर्डीवरच्या एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होतो. सावनेरकडच्या एका जमीनदार मालगुजारांना नुकतीच रावबहादुरी मिळाली होती. पदवी मिळाली की ती मिरवायला जागा लागते. यांनी मोटारबोट घेतली आणि तेलंगखेडीच्या तलावात सोडली. दसऱ्याला कोणी बडे साहेब तिच्यातून फेरी मारणार होते. पण बोट पावसाळाभर उभी, टाकीतल्या पेट्रोलमध्ये पाणी उतरलेलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. टाकी रिकामी करायचं काम आमच्याकडे आलं.

मोटारीची टाकी सोडवून बाहेर काढता येते. या बोटीची टाकी मागच्या फळ्यांखाली पोटातच बसवलेली. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. मोटारीखाली सांडलं तर वारा तिला घेऊन जातो. बोटीच्या तळाशी ती पाण्यासारखी साचते, फक्त दिसत नाही. म्हणून मी आणि माझ्याहून वीस वर्षांनी मोठे दौलत मिस्त्री — आम्ही त्यांना दौलतकाका म्हणायचो — दिवस वर येताच कामाला लागलो. बॅटरीच्या तारा सोडल्या, फळ्या उघडल्या, दोघांच्या बिड्या-काड्या काठावर ठेवल्या. नळी तोंडाने ओढायची नाही, हातपंप लावायचा. पेट्रोल वाहताना वीज साचून ठिणगी पडू नये म्हणून डबा आणि टाकी तांब्याच्या तारेने जोडायची. चार डबे भरून दूर झाडाखाली नेले. राहिला तळाचा गाळ. त्यासाठी टाकीचं खालचं बूच काढायला काका डोकं खाली करून कमरेपर्यंत आत शिरले. बूच निघालं, पण खाली धरलेली बादली कलंडली आणि तांब्याभर पेट्रोल बोटीच्या तळात सांडलं.

नेमके तेव्हाच रावबहादूर बोटीवर चढले. मागे दोन पट्टेवाले. रावबहादुरांच्या हातात ताट — हळदकुंकू, झेंडू, कापूर. त्या दिवशी खांडेनवमी होती. आपल्याकडे नवमीला सगळ्या हत्यारांना आणि यंत्रांना ओवाळतात, हे मी विसरलो होतो.

"उतरा खाली," मी म्हणालो. "आत पेट्रोल सांडलं आहे. काडी ओढू नका."

"मले माझ्याच बोटीतून उतरवतो का गा? आज बंदुकीले ओवाळलं, मोटारीले ओवाळलं, घरच्या शिवणयंत्राले ओवाळलं. बोटच काहून उपाशी ठेवू?"

"आत माणूस आहे!"

"मंग त्याले म्हण, निघ बाहेर. मुहूर्त जाऊन राहिला."

फळ्यांखालून काकांचा आवाज आला, "वामनराव, खांदा अटकला गा... मले ओढा!"

मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर पट्टेवाल्यांनी माझेच दंड पकडले. धन्याचा अपमान होत होता ना! रावबहादुरांनी नवी कोरी पेटी उघडली आणि उघड्या फळ्यांवर वाकून काडी ओढली.

खर्र... पेटली नाही. दुसरी. तिसरी. मी शिव्या देत होतो, काका पाय झाडत होते, आणि रावबहादूर काड्या ओढत होते. सात काड्या ओढल्या. ना ठिणगी, ना धूर. शेवटी त्यांनी चिडून पेटी माझ्या अंगावर फेकली. तेवढ्यात काकांचा खांदा सुटला. ते डोळे लाल करून बाहेर आले, ताट पाहिलं, काय चाललं होतं ते उमगलं आणि त्यांनी ते झेंडूसकट तलावात भिरकावलं.

"मले जित्तं जाळून राहिले होते का जी, रावबहादूर?"

रावबहादूर तक्रारीची धमकी देत निघून गेले. मी पट्टेवाल्यांना सुनवायचं ते सुनवलं, त्या सात काड्या वेचल्या आणि पेटी घेऊन वारा येत होता त्या बाजूला, शंभर पावलं दूर गेलो. त्याच पेटीवर पहिली ओढली. पेटली. दुसरी पेटली. साती पेटल्या, एकेका झटक्यात.

काका माझ्या मागे येऊन उभे होते. हळूच म्हणाले, "सात काड्या, सात आसरा. पाण्यातल्या बाया राखतात माणसाले."

"आणि रावबहादुरांनी आठवी ओढली असती तर, काका?"

"तुमी लई वाचता गा," एवढंच ते म्हणाले.

दोन दिवस मी बोट उघडी ठेवली, पूर्ण हवा खेळल्याशिवाय इंजिनला हात लावू दिला नाही. दसऱ्याला बड्या साहेबांनी टांग्यातून तलाव पाहिला. माझी नोकरी जाता जाता वाचली. पुढे रावबहादूर सांगत सुटले की त्यांच्या पुण्याईने मिस्त्री वाचला. काका आसरांना खणनारळ वाहून आले.

मी काहीच वाहिलं नाही. काड्या ओल्या होत्या म्हणावं, तर लगेच पेटल्या कशा? हात चुकला म्हणावं, तर सातदा? वाफेने विझल्या म्हणावं, तर आधी पेटायला तर हव्यात. आणि तिथे पेटल्या असत्या, तर हे लिहायला मी उरलो नसतो. माझ्याकडे उत्तर नाही. अजूनही नाही. पण उत्तर नाही म्हणून कोणाच्या पाया पडायला मी तयार नाही — आसरांच्याही नाही, रावबहादुरांच्या तर नाहीच. त्या दिवशी पाय धरायचे होते ते एकाच माणसाचे, फळ्यांमधून ओढून काढण्यासाठी; आणि तेवढेच मला धरू दिले नाहीत.