कोरडी नळी आणि पारसिकचा स्कॅपोलाइट

नळी कोरडी राहिली आणि मी टाळी वाजवली.

"काय झालं गं?" बाबांनी विचारलं.

"पाणी आलं नाही, बाबा. स्कॅपोलाइटच आहे!"

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नातवंडं विचारतात, आजी, तू तरुणपणी हुशार होतीस का? होते ना! माझ्याइतकं हुशार माणूस त्या वेळी अख्ख्या ठाण्यात नव्हतं. निदान मला तरी दुसरं कोणी दिसत नव्हतं.

बाबा एका इंग्रज इंजिनिअरकडे स्पेसिमेन-क्लार्क होते. साहेब नोकरीला रेल्वेत, पण जीव सगळा दगडांत. लोहमार्गासाठी डोंगर फोडले की काळ्या दगडात पोकळ्या सापडत, आणि त्या पोकळ्यांत स्फटिक. असा प्रत्येक नमुना ओळखायचा, त्याला नंबर द्यायचा, लेबल लिहायचं आणि खाली सही करायची, हे बाबांचं काम. अठरा वर्षं त्यांनी ते केलं. शेवटची दोन वर्षं मात्र दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसं काही दिसत नव्हतं.

हे साहेबांना ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर नोकरी गेली असती. घरात दुसरं मिळवणारं कोणी नव्हतं. माझा नवरा कॉलऱ्यात गेला होता आणि मी लेक कडेवर घेऊन माहेरी आले होते. रोज सकाळी लेकीला शेजारच्या काकूंकडे ठेवायची आणि बाबांचा हात धरून टेंभी नाक्यावरून तलावाकाठच्या बंगल्यात जायचं. लोक म्हणत, बापाचा डबा घेऊन जाते, किती मायेची पोर! आत गेल्यावर दगड मी बघायची, बाबा प्रश्न विचारायचे, मी उत्तरं द्यायची, आणि दगडाचं नाव ते ठरवायचे. लेबल मी लिहायची, सहीच्या जागेवर त्यांचं बोट टेकवायची आणि ते सही करायचे. डोळे माझे, डोकं त्यांचं. हे नीट चाललं होतं. पुढे डोळ्यांनाच डोकं फुटलं.

साहेबांच्या कपाटात एक खण रिकामा होता. त्यावर स्कॅपोलाइट असं लिहिलेलं. हा एकच एक दगड नव्हे, एका घराण्यातली भावंडं म्हणा. काहींत चुना जास्त, काहींत सोडा. स्फटिक चौकोनी खांबासारखे, बहुतेक पांढुरके. तो खण भरला की सगळा संग्रह विलायतेच्या प्रदर्शनात जायचा होता. साहेब दर सोमवारी बाबांना विचारत, "मास्तर, माझा स्कॅपोलाइट कुठे आहे?" साहेब मराठी उत्तम बोलत.

आणि पारसिकच्या डोंगराखालच्या खाणीतून भिकाबाईनं चौकोनी, पांढुरक्या खांबांचा एक गड्डा आणून दिला. भिकाबाई डोंबिवली गावची. खाणीत खडी फोडायची आणि पोकळी लागली की स्फटिक वेगळे काढून आमच्याकडे आणायची.

आमच्या काळ्या दगडात चौकोनी खांब दिसला की तो बहुतेक अपॉफिलाइट असतो. तो इकडे पुष्कळ सापडतो. दोघांतला फरक ओळखायची सोपी तऱ्हा अशी: चिमूटभर चूर काचेच्या बंद नळीत घालायचा आणि खालून तापवायचा. अपॉफिलाइटच्या अंगात पाणी असतं. ते सुटतं आणि नळीच्या वरच्या भागात थेंब जमतात. स्कॅपोलाइट कोरडा.

माझी नळी कोरडी राहिली होती.

बाबांनी गड्डा हातात घेतला. बराच वेळ अंगठा फिरवला.

"काळ्या दगडात स्कॅपोलाइट मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. तो संगमरवराच्या जातीच्या दगडात असतो. आणि तो कठीण असतो. चाकूनं ओरखडा उठतो का?"

उठला होता. चांगला ठळक उठला होता. मी मनाशी म्हटलं, साहेबांचा चाकू विलायती, त्यानं कशावरही उठेल.

"अगदी पुसट, बाबा."

"आणि फुटतो कसा? अपॉफिलाइट आडवा सुटतो, पापडासारखा. स्कॅपोलाइट उभा चिरतो. एक खांब फोडून पाहिलास?"

"पाहिला. उभा चिरला."

नव्हता पाहिला. इतका देखणा गड्डा, त्याचा खांब कोण फोडणार? आणि नळीनं उत्तर दिलं होतं. मग म्हाताऱ्या माणसाच्या शंका कशाला वाढवायच्या, असं मला वाटलं. शहाणीच होते मी!

बाबांनी गड्डा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तू पाहिलंस ना? मग लिही." मी लिहिलं. त्यांचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवलं.

साहेब खूश झाले. पोकळीत असेल तेवढा सगळा माल काढून आणायची ऑर्डर निघाली. मी स्वतः खाणीवर गेले आणि भिकाबाईला बजावलं, "पयला आणलास तस्साच पाहिजे. कोरडा नि साफ."

"आनते गो बाय. तू फिकीर नको करू."

दोन गाड्या भरून दगड आले. सगळे पांढुरके. पहिला गड्डा आणि निवडक नमुने लाकडी पेटीत भुशात बसवून मुंबईच्या एका प्रोफेसरांकडे पाठवले. त्यांचा शेरा आला की संग्रह जहाजावर चढणार होता.

तीन आठवड्यांनी पेटी परत आली. साहेब कल्याणला कामावर गेले होते, त्यामुळे चिठ्ठी आधी आमच्या हातात पडली. मी ती बाबांना वाचून दाखवली. प्रोफेसरांनी एक जाड खांब फोडला होता. तो आडवा सुटला होता. आतला गाभा काचेसारखा नितळ निघाला. त्या गाभ्याचा चूर तापवल्यावर नळीत पाणी आलं. शेवटी लिहिलं होतं: हा अपॉफिलाइट आहे, आणि तो आधीच भाजलेला आहे.

"भाजला कोणी?" बाबांनी विचारलं.

मी तशीच खाणीवर गेले. भिकाबाई खडी फोडत बसली होती.

"भिकाबाई, तू दगड साफ कसे करतेस?"

"तुसात घालते."

"म्हणजे?"

"भाताचा तूस पेटवायचा. त्याचे निखाऱ्यान दिसभर पुरून ठेवायचं. लाल माती सुकते नि आपसूक गलते. आमी समदे तसाच करतो. पान्यान धुतला तं चिकट माती जाते का?"

"आणि मुळात तो कसा होता? पोकळीतून काढला तेव्हा?"

तिनं हातोडी खाली ठेवली. "बाय, काय सांगू तुला! हिरवा. पान्यासारखा, आरपार. तुसातशी काढला का पांढरा होतो. माना वाटला, तुमाना पांढराच पायजे. तूच ना बोललीस, पयला तस्साच?"

मीच बोलले होते. पाणी नळीत येणार कुठून? ते तुसाच्या विस्तवात आधीच उडून गेलं होतं. तसा हिरवा अपॉफिलाइट मी पुढे तीस वर्षांत कुठेच पाहिला नाही. एक अख्खी पोकळी माझ्या शब्दावर भाजली गेली. पोकळीत मागे काही उरलंय का, ते मी जाऊन पाहिलं. पुढच्या सुरुंगात ती जागाच उडाली होती.

संध्याकाळी साहेब आले. चिठ्ठी वाचून लालबुंद झाले, पण ओरडले नाहीत.

"मास्तर, अठरा वर्षांत तुमची ही पहिली चूक."

"चूक माझी आहे साहेब," बाबा म्हणाले. "सही माझी आहे."

"चूक कोणाकडूनही होते. संग्रह पुढच्या वर्षी पाठवू."

म्हणजे निभावलं होतं! मी तोंड मिटून उभी राहिले असते तर आम्ही दोघं जेवायला घरी गेलो असतो आणि सोमवारी पुन्हा कामावर आलो असतो. पण माझ्या अंगात तेवढ्यात सत्य संचारलं. खोटं बोलताना ज्या बाईला काही वाटलं नव्हतं, तिला आता गप्प बसवेना.

"साहेब, बाबांची चूक नाही. त्यांनी विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. दगड मी बघते. बाबांना दिसत नाही."

साहेबांनी बाबांकडे पाहिलं. मग टेबलावरची न पेटवलेली मेणबत्ती उचलून त्यांच्या चेहऱ्यासमोर धरली आणि हळूच त्यांच्या डावीकडे नेली. बाबांनी मान उजवीकडे वळवली, मी उभी होते त्या दिशेला.

"किती दिवस?"

"दोन वर्षं," बाबा म्हणाले.

"म्हणजे दोन वर्षांची सगळी लेबलं..." साहेब कपाटाकडे बघत राहिले. ती लेबलं बरोबर होती, एक सोडून सगळी. पण ते आता कोण मानणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी शिपायाकरवी बाबांची छत्री आणि भिंग घरी पाठवून दिलं.

बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढे चार वर्षं ते पडवीत बसून होते. मी कधी एखादा दगड त्यांच्या हातात दिला, तर ते तो न चाचपता बाजूला ठेवत आणि माझी लेक काय करतेय म्हणून विचारत.

मी पुढे दुसऱ्या संग्राहकांकडे हेच काम केलं, माझ्या नावानं. अजून कोणी दगड घेऊन आलं की मी नळी काढत नाही, चाकूही काढत नाही. आधी विचारते, हा तुमच्याकडे येण्याआधी कोणाच्या हातात होता आणि त्यानं त्याचं काय केलं? लोकांना वाटतं, म्हातारी गप्पा मारतेय. वाटू देत. ती परीक्षाच असते, आणि तिला विस्तव लागत नाही.