तीन मिनिटांची मळणी

मला गाता येत नाही. आमच्या घरात यावर कधी वाद झालेला नाही. ज्या घरात बैलाला पेंड किती घालायची यावरून दोन पिढ्या भांडत आल्या, त्या घरात एवढं एकमत म्हणजे थोडं नव्हे. पोरवयात भजनाला बसलो तर हातात टाळ दिले. दोन एकादश्या गेल्यावर टाळही काढून घेतले आणि प्रसाद वाटायला बसवलं. तिथं मात्र माझं फार कौतुक झालं.

ज्याला गाता येत नाही त्यालाच गाण्यातलं खरं कळतं, असा माझा समज होता. अजूनही पुरता गेलेला नाही. कुळगीच्या लाकूडवखारीत मी ओंडके मोजायला होतो. ओंडक्यावर थाप मारली की आतून भरीव आहे की पोकळ ते मला आवाजावरून कळायचं. तोच कान मी गवयांना लावला आणि बहुतेक गवई मला पोकळ निघाले.

जर्मन लढाई संपून दोन-चार वर्षं झाली असतील. वखारीवरचा एक साहेब विलायतेला परत जायला निघाला, तेव्हा त्याचा फोनो मी घेतला. चावीचा, वर पितळी कर्णा असलेला. कुंभारवाड्याला आमच्या घरी तो बैलगाडीतनं आला तेव्हा थोरल्या बंधूंनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, कर्ण्यात तोंड घालून बघितलं आणि विचारलं, "ह्याला खायला काय लागतंय?"

"सुया," मी म्हटलं.

"मग बरं हाय. गवत तरी वाचलं."

त्यानंतर दर दिवाळीला बेळगावचा एक दुकानदार नव्या प्लेटी मला पसंतीला पाठवू लागला. लोंढ्यापर्यंत आगगाडीनं, तिथून पुढं गाडीवानाच्या मेहेरबानीनं. भाताच्या तुसात बसवलेल्या त्या काळ्या चकत्या घरी पोचल्या की मी हात धुऊन बसायचो. आवडतील त्या ठेवायच्या, बाकीच्या परत, आणि सोबत एक कार्ड. त्या कार्डांवर मी काय लिहायचो ते आठवलं की आता कान गरम होतात. तेव्हा मात्र वाटायचं, बेळगावचं सगळं संगीत माझ्या कार्डाची वाट बघत अडून बसलंय.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय त्या वर्षीचा गठ्ठा तर डोकं फिरवणारा होता.

पहिली प्लेट नाटकातल्या पदाची. नायिकेचं काम करणारा बाप्या गात होता. पहिल्या ओळीत ती घर सोडते, तिसऱ्या ओळीत रडते, मग देवाला विनवते आणि शेवटी नवरा भेटतो. सगळं तीन मिनिटांत, कारण प्लेट तेवढीच. माझा चहा संपायच्या आत तिचा संसार सुरळीत झाला. मी लिहिलं: "बाईला रडायला तरी वेळ द्या."

दुसरी खयालाची. बुवा मोठे, यात शंका नाही. पण त्यांनी नुसतं 'आ' म्हणून जागा साफसूफ केली, बैठक घातली, आता गाणार म्हणून मी पुढं सरकलो, तर सुई खरखरायला लागली. पाव्हण्याला पाय धुवायला पाणी द्यायचं आणि तसंच दारातनं वाटेला लावायचं, ही कुठली रीत?

तिसरं कन्नडातलं भजन. आवाज गोड, शब्द त्याहून गोड; पण पेटीवाला असा काही सुटला होता की देव मागं आणि पेटी पुढं. चौथी ब्यांडाची, तिच्याबद्दल लिहायला कार्ड वाया घालवलं नाही. पाचवी नकलांची. एकच माणूस रडणारं मूल, भांडणाऱ्या जावा आणि चढावर दमलेलं इंजिन काढून दाखवत होता. घरातल्या सगळ्यांना तीच आवडली. आमच्या मंडळींनी तर माझ्यादेखत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसून घेतलं आणि वर म्हणाल्या, "ह्याला म्हणायचं गाणं!"

मी ती प्लेट रागानं परत पाठवली. कार्ड दोन्ही बाजूंनी भरलं. दुकानदाराचं उत्तर आलं ते मी बरेच दिवस कोणाला दाखवलं नाही. त्यानं लिहिलं होतं, "आपला अभिप्राय आम्हांस फार उपयोगी पडतो. आपण ज्या प्लेटीस शिव्या घालता ती आम्ही दुप्पट मागवतो. लोभ असावा."

आता सहावी.

तिच्यावरच्या कागदावर छापलं होतं, 'शेतकऱ्यांचे मळणीगीत'. सुई टेकवली आणि मी उठून उभा राहिलो. गाणं आमचं होतं! म्हणजे आमच्या एकट्या घराचं नव्हे; डोंगरातल्या कितीतरी वाड्यांवर ते मळणीला म्हणतात, थोडे शब्द इकडं, थोडे तिकडं. कोणा नाटकवाल्यानं ते कुठं तरी ऐकलं असणार आणि उचललं असणार. पण गात होता अशा थाटात, की जणू भात मखमलीवर मळतात. दर ओळीच्या शेपटाला तान. खाली तबला. आणि तीन मिनिटं होताहोता, गाणं अर्ध्यावर असतानाच, त्यानं एकदम थांबून छाती फुगवून आपलं नाव ओरडून सांगितलं, नाटक मंडळीच्या नावासकट. तेव्हाचे बरेच गाणारे प्लेटीच्या शेवटी तसं करायचे. बाकीच्या प्लेटींवर मला त्याचं काही वाटलं नव्हतं. इथं मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. का, ते सांगतो.

आमच्या खळ्यावर बैलांची पात मधल्या खांबाभोवती फिरते, आणि घरात जन्मलेलं एक माणूस कडेला बसून ते गाणं म्हणतं. सुरुवातीच्या ओळी बैलांना गोंजारायच्या. खरं गाणं शेवटी असतं. त्यात वाटे असतात. भुईचा वाटा भुईला, बैलाचा बैलाला, मग चिमणीचा, मुंगीचा, वाटेनं चाललेल्या पाव्हण्याचा. आणि उरेल तो घरच्यांचा. शेवटचा शब्द लांबवून सोडला की बैल आपसूक थांबतात, शिकलेले असतात ते. मग पेंढा उचलायचा आणि भाताची नवी कवळी पसरायची. वाटे म्हटल्याशिवाय पात थांबवायची नाही आणि पेंढ्याला हात लावायचा नाही. म्हणणाऱ्यानं स्वतःचं नाव तर चुकूनही घ्यायचं नाही. आणि हा गृहस्थ भुईला, बैलाला, मुंगीला सगळ्यांना उपाशी ठेवून आपलं नाव सांगून मोकळा!

आमच्या खळ्यावर हे गाणं आक्का म्हणायची. आक्का म्हणजे आमची सगळ्यात थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांतच माघारी आली ती आमच्यातच राहिली. तिचा आवाज गोड नव्हता, पण ओल्या सागाच्या ओंडक्यासारखा भरीव होता. मी त्यावर कधी कार्ड लिहिलं नाही. घरच्या गाण्यावर मत द्यायचं असतं हे सुचलंच नाही.

ती प्लेट लागली तेव्हा आक्का सुपानं तांदूळ पाखडत होती. तिनं सूप थांबवलं. नाव ओरडून झालं, सुई खरखरली, तरी ती कान देऊन बसलेलीच.

"फुडं?"

"संपलं, आक्का."

"संपलं कसं? वाटे कुठायत?"

"नाहीत. प्लेट तेवढीच असते."

"काय मेला माणूस म्हणायचा!" ती म्हणाली, आणि सूप मांडीवर ठेवून राहिलेलं गाणं तिनं स्वतः पुरं केलं. भुईपासून घरच्यांपर्यंत. अर्धवट सोडलं तर धान्याची बरकत जाते, असं ती मानायची.

तिथून आमच्या घरात एक नवंच संकट उभं राहिलं. गाणं आपलं म्हणून ही प्लेट मी शिव्या देत का होईना ठेवून घेतली होती. नकलांची प्लेट मी परत धाडल्यामुळं पोराबाळांनी सूड म्हणून हीच लावायला घेतली. गाणं अर्ध्यात तुटलं की आक्का असेल तिथून वाटे म्हणायची. चुलीपुढनं, गोठ्यातनं, विहिरीवरनं भरली घागर कमरेवर घेऊन. आणि त्या वर्षी तिला धाप लागत होती. सुप्याच्या वैद्यानं काढा दिला होता आणि आवाज चढवू नको म्हणून बजावलं होतं. मी प्लेट पेटाऱ्यात टाकून कुलूप लावलं. मीच आणलेलं भूत मीच कोंडलं, आणि फार मोठं काम केल्यासारखा मिरवलो.

मार्गशीर्ष संपत आला आणि मळणी निघाली. आण्णा म्हणाले, "यंदा आक्कानं म्हणायचं न्हाई. त्यो डबा लाव."

माझा संताप संताप झाला. "आण्णा, त्यात वाटे नाहीत. ताना आहेत. तो भाताला नव्हे, टाळ्यांना गातो!"

"गाऊ दे की. यंत्राला धाप लागत न्हाई. आक्काला लागतीय."

आक्का म्हणाली, "मी हाय की अजून."

"हाईस म्हणूनच सांगतोय," आण्णा म्हणाले, आणि बैलांकडं वळले.

पुढल्या दिवशी सकाळी खळ्याच्या कडेला उखळ पालथं घालून त्यावर फोनो मांडला. आक्का सूप घेऊन शेजारी बसली, तोंड मिटून. आण्णांनी पात जुंपली, मी पेटाऱ्यातली ती प्लेट चढवून चावी दिली. पहिली ओळ बरी गेली, बैल चालू लागले. मग नाटकवाल्यानं तान घेतली. लांबलचक. बैल थांबले.

"हाऽ! चला!" आण्णांनी शेपूट पिरगाळली. बैल चार पावलं चालले तोवर दुसरी तान. पुन्हा थांबले. त्यांचा काय दोष? सूर लांबला की काम संपलं, एवढंच शहाणपण त्यांना शिकवलेलं. असं दर ओळीला. शेवटी त्यानं आपलं नाव ओरडलं, तेव्हा आतला काळा बैल असा उसळला की आण्णा पेंढ्यात बसले.

"कोण रं ह्यो?" आण्णांनी बसल्याबसल्या विचारलं.

"मोठा नट आहे."

"मग त्याला म्हणावं यिऊन पात हाक."

मी दुसऱ्यांदा लावली. तिसऱ्यांदा लावली. भुसा कर्ण्यात जाऊन नटाला पडसं झाल्यागत आवाज येऊ लागला. भात निम्मंसुद्धा मळून झालं नव्हतं. चौथ्या वेळी गाणं तुटलं तिथं आक्काला राहवलं नाही. "भुईचा वाटा..." म्हणून तिनं सूर लावला आणि तो शब्द घशातच राहिला. धाप लागली. ती वाकली, हातातलं सूप खाली पडलं. आमच्या मंडळींनी धावत जाऊन तिची पाठ धरली.

बैल फिरतच होते, आता तान नव्हती ना. आण्णाही त्यांच्या मागं फिरत होते. वाटे सुरू झाले होते आणि संपले नव्हते, म्हणून पात थांबवता येत नव्हती. आक्कानं मान वर केली. आवाज निघत नव्हता, पण ओठ हलत होते. तशा अवस्थेत ती तेच म्हणायला बघत होती.

आण्णा फिरता फिरता माझ्यासमोर आले. "तू म्हण."

"मी?"

"घरात जन्मलास न्हवं?"

"तुम्ही म्हणा की."

"पात हाकणाऱ्यानं म्हणायचं नस्तंय." ते पुढं गेले, खांबाला वळसा घालून परत आले. "लोकान्ला कारडं लिवतोस. गाण्यातलं तुला कळतंय म्हणं. म्हण की आता!"

आमच्या मंडळी आक्काची पाठ चोळत म्हणाल्या, "म्हणा हो. तिचं ओठ हलायचं थांबू द्या."

मी फोनोकडं बघितलं. तो खरखरत होता. मी सुई उचलली आणि सुरुवात केली. काय आवाज होता म्हणून सांगू! पहिल्या शब्दाला शेजारच्या फणसावरनं कावळे उठले. भुईचा वाटा मी एका सुरात दिला, बैलाचा दुसऱ्या, आणि चिमणीपर्यंत आलो तेव्हा कुठल्याच सुरात नव्हतो. मी उभ्या जन्मात जेवढ्या गवयांना नावं ठेवली होती ते सगळे माझ्यापुढं रांगेनं बसून कार्डं लिहिताहेत असं वाटत होतं. पण आक्काचे ओठ मिटले होते. ती डोळे बारीक करून ऐकत होती, दुकानातून आलेली नवी प्लेट मी ऐकायचो तशी. पाव्हण्याचा दिला, घरच्यांचा दिला आणि शेवटचा शब्द ताणता येईल तेवढा ताणला. मध्येच फाटला तो, पण सोडला नाही.

बैल थांबले.

"भ्याली जनावरं बिचारी," आण्णा म्हणाले.

मी घाम पुसला. खरं सांगायचं तर त्या घटकेला मलाही छाती फुगवून नाव ओरडावंसं वाटलं. आक्काकडं बघितलं. तिचा श्वास जरा बसला होता. पदरानं तोंड पुसून तिनं एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "सूर न्हाई. ताल न्हाई."

"माहीत आहे, आक्का. पण वाटे आले ना सगळे?"

"मुंगी ऱ्हायली."

आण्णांनी पेंढ्याला घातलेला हात काढून घेतला. मी चिमणीवरनं सरळ पाव्हण्यावर गेलो होतो. दुसऱ्याच्या गाण्यातली अर्धी मात्रा पकडणारा मी!

"एक मुंगी, आक्का," मी म्हटलं. "तिला काय कळणार आहे?"

"तिलाच कळतंय," आक्का म्हणाली. "पयल्यापासनं म्हण. आन् जरा हळू. प्लेट संपाय लागल्यागत पळू नगंस."

आण्णांनी बैल हाकले. मी घसा खाकरला.