मारुतीची न जळणारी वात

नागोरावाने थापा आयुष्यभर मारल्या, पण चोरी एकदाच केली. तीही मारुतीच्या देवळात, भर दुपारी. त्या चोरीची ही हकीकत. पण तिच्याआधी त्याचा कापूस समजून घ्यायला हवा.

आदिलाबादजवळच्या तलमडुगु भागात कापूस ओळखायला कुणी कुणाला शिकवत नाही. बोटांत धरला की धागा किती लांब, ओल किती, ते बोटंच सांगतात. असल्या गावचा नागोराव चोविसाव्या वर्षी मंचेरियलकडे एका कारखान्यात कामाला लागला. तिथे माणसाच्या कमरेएवढे जाड वाफेचे नळ होते. आतली धग आत राहावी म्हणून त्यांच्यावर पांढरे, मऊ पट्टे आणि दोर गुंडाळायचे. गोण्या फोडायच्या, आतलं पांढरं हातानं पिंजायचं, पाण्यात कालवून नळांना लिंपायचं. तेलुगू मुकादम त्या वस्तूला ‘पत्ती’ म्हणे. पत्ती म्हणजे कापूस. नागोरावाला हसू आलं. कापसातून निघालो आणि कापसातच येऊन पडलो! दुपारी तो त्याच गोण्यांवर झोपे. उठला की भुवया पांढऱ्या, मिश्या पांढऱ्या. फरक एवढाच, की हा कापूस जळत नव्हता.

माकडाच्या हाती कोलीत देऊ नये म्हणतात. नागोरावाच्या हाती न जळणारा कापूस तर मुळीच देऊ नये.

सुट्टीवर आला की तो पारावरच्या शेकोटीत एक पांढरं फडकं टाके आणि काठीनं ओढून काढे. फडकं जसंच्या तसं, उलट आणखी स्वच्छ. लोक तोंडात बोटं घालत. ‘मंत्र हाय’, तो गंभीर चेहऱ्यानं सांगे. उत्तमराव पाटलांनी तो मंत्र शिकून घेतला आणि स्वतःचं नवंकोरं उपरणं मोठ्या विश्वासानं विस्तवात टाकलं. नागोराव पुढचे चार दिवस पाहुण्यांकडे राहिला.

मग पाळी आली बयनाबाईची. मारुतीच्या देवळातली दिवाबत्ती तिच्याकडे. वात काजळते, घडीघडी सरकवावी लागते, ही तिची तक्रार. नागोरावानं तिला त्या दोराची एक जाड लड आणून दिली.

“मावशी, ही वात घे. देवानं धाडली.”

“कोण्या देवानं रे?”

“वाफेच्या,” तो पुटपुटला, पण ते तिनं ऐकलं नाही.

वात संपेना. तेल संपलं की विझे, तेल घातलं की पुन्हा लागे, आणि लांबी तेवढीच. गावानं हात जोडले. बयनाबाई उरलेली लड डब्यात ठेवी. दर शनिवारी ती बाहेर काढी, हातानं पिंजी, धूळ फुंकरीनं उडवी आणि जुनी चालत असली तरी मारुतीच्या वाराला म्हणून मांडीवर नवी वात वळी. नवस बोलायला आलेल्या बाईला त्यातलीच एक चिमूट पदरात बांधून देई. नागोराव हे पाही आणि मनात म्हणे, सांगू कधीतरी. सांगू सांगू म्हणता तीस वर्षं गेली.

एकसष्टाव्या वर्षी त्याचा दम देवळाच्या तीन पायऱ्यांत संपू लागला. दवाखान्यात विचारत, “क्या काम करते थे?” हा म्हणे, “कापूस का काम.” या जिल्ह्यात त्या उत्तराला कोण मान वर करून पाहणार! एकानं सहा महिने क्षयाच्या गोळ्या चारल्या, दुसऱ्यानं दम्याचा पंप दिला. गावाचं निदान ठरलेलं होतं: बिडी. नागोरावानं बिडीला जन्मात ओठ लावला नव्हता. त्याच्या तोंडची एवढीच गोष्ट खरी होती, आणि तीच कुणाला पटत नव्हती.

शेवटी त्याची बायको जयवंताबाई त्याला आदिलाबादला पद्मजा डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर मराठी घरातली, वयानं लेकीसारखी. तिनं छातीचा फोटो उजेडाला धरला, पाठीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिली.

“काका, कापसाचं म्हणजे नेमकं काय काम?”

“नळाले गुंडाळत होतो.”

“गरम नळाला कापूस? जळत नव्हता?”

नागोरावाची छाती फुगली, जेवढी फुगत होती तेवढी. “आमचा कापूस जळत नाई, बाई!”

डॉक्टरनं नळी खाली ठेवली. “तो कापूस नाही काका. दगड आहे. खाणीतून काढतात, पिंजला की असे तंतू होतात. श्वासातून आत जातात. जळत नाहीत तसेच विरघळतही नाहीत. तिथेच बसून फुप्फुस कडक करतात.”

“म्हंजे माह्या छातीत खदान हाय?”

“मंग अक्कल बी त्यातच गाडली असन,” जयवंताबाई म्हणाली. तिचा आवाज मात्र फाटला होता.

डॉक्टरनं काही लपवलं नाही. गेलेला दम परत येत नाही, उरलेला सांभाळायचा. मग तिनं विचारलं, “घरात, गावात ते कुठे ठेवलंय का? असेल तर कोरडं हाताळू नका, झटकू नका. पाण्यानं भिजवून पिशवीत बांधा आणि माझ्याकडे आणा. विल्हेवाट कशी लावायची ते मी बघते.”

“नाई, कुटं बी नाई,” नागोराव म्हणाला. सवयीनं.

परतीच्या बसमध्ये त्याला शनिवार आठवला. बयनाबाईची फुंकर आठवली. बायांच्या पदरातल्या चिमटी आठवल्या. म्हातारीला अजून खोकला नव्हता. पण सांगावं तर तीस वर्षं देवाला फसवल्याचं कबूल करायचं, आणि न सांगावं तर ती येत्या शनिवारी पुन्हा फुंकर मारणार. नागोरावानं दोन्ही टाळून तिसरी वाट धरली. डबाच पळवायचा.

भर दुपारी देवळात कुणी नव्हतं. बयनाबाई खांबाला टेकून डोळे मिटून बसली होती. नागोराव पायरीपायरीला थांबत वर चढला आणि डब्याला हात घातला. झाकण आधीच सैल होतं, ते निघालं आणि उन्हाच्या तिरिपेत बारीक पांढरी धूळ नाचू लागली. त्यानं श्वास रोखला. एक, दोन, तीन... चौथ्याला असा खोकला फुटला की कळसावरची कबुतरं उडाली.

“नागो,” बयनाबाई डोळे न उघडता म्हणाली, “देवाच्या घरी चोरी कराची असन तं खोकला घरी ठेवून यावं.”

तो तिथंच खाली बसला. धापा टाकत टाकत त्यानं सगळं सांगितलं. कारखाना, मुकादम, दगड, डॉक्टर.

बयनाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. “झालं? काऊन एवढी मेहनत घेऊन राह्यला? वात पायजे तं माग.”

“मावशी, मारुतीची आन!”

“उत्तमरावाचं उपरणं जळालं तवा बी मारुतीचीच आन होती.”

आता काय करावं? आयुष्यभराच्या थापांनी एका खऱ्या गोष्टीची वाट अडवली होती. नागोरावानं सदरा वर केला आणि तिच्याकडे पाठ केली. “कान लाव. मी बोलत नाई. ते काय म्हंते ते ऐक.”

म्हातारीनं कुरकुर करत कान लावला. त्यानं श्वास ओढला. आत खाली, बरगड्यांच्या तळाशी, कापसाची वाळली पऱ्हाटी पायाखाली मोडावी तसा कडकड आवाज झाला. पऱ्हाटीचा तो आवाज तिच्या ओळखीचा होता, आजवर हजारदा ऐकलेला. पण माणसाच्या अंगातून कधीच नाही. तिनं पुन्हा कान लावला. तिसऱ्यांदा लावला नाही.

“मेल्या,” ती हळू म्हणाली. मग उठली आणि तांब्यातलं सगळं पाणी डब्यात ओतलं. दिवा विझवला आणि गार झालेली वातही चिमट्यानं उचलून त्या पाण्यात टाकली.

शनिवारी गाव जमलं. नागोराव मान खाली घालून कबुली द्यायला तयार उभा होता. बयनाबाईनं त्याला तोंड उघडूच दिलं नाही.

“मारुती सपनात आला,” तिनं खणखणीत आवाजात सांगितलं. “म्हने, परक्या मुलखाची वात मले नको. आपल्या वावरातल्या कापसाची लावा. अन ज्या ज्या बाईनं चिमूट नेली, तिनं ती गाठीसकट पान्यात भिजवून, पिशवीत बांधून परत आणावी. कोरडी आणली तं नवस फिरते!”

उत्तमराव पाटलांनी डोळे बारीक केले. “देव बोलला तं कोन्या भाषेत बोलला?”

“मराठीत. तुमी पारावर बोलता तसाच, अर्धी झोप अन अर्धी भाषा.”

गाव हसलं, आणि हसता हसता घराकडे पांगलं. सांजेपर्यंत ओल्या पिशव्या घेऊन बाया येत राहिल्या. सखूबाईनं तर लेकीच्या सासरी माणूस धाडून तिची चिमूट मागवली. नागोराव पायरीवर बसून पाहत होता. थापेतलं एवढं नेमकं काम त्याला जन्मात जमलं नव्हतं. त्याला मनापासून हेवा वाटला.

सगळ्या पिशव्या एका जाड थैलीत घालून बयनाबाईनं तिचं तोंड सुतळीनं घट्ट बांधलं, दोन गाठी जास्तीच्या मारल्या आणि ती थैली नागोरावाच्या नाही, जयवंताबाईच्या हाती दिली.

“डॉक्टरीणबाईले नेऊन दे. अन बसमदी याले हात लावू देऊ नको. कोणी शेजारी बसलं, का याले मंत्र आठवते.”