टबभर कोमट पाणी

सासूवर मी सूड उगवायला निघाले होते, आणि त्याची मला लाजबिज काही वाटत नाही. आधीच सांगून टाकते.

बाळापूरजवळ आमचं गाव. मुलीच्या बाळंतपणानंतर टाके भरले, पण ओटीपोटाखालचा ठणका काही जाईना. बसवेना की उठवेना. माहेरी अमरावतीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "टबात कोमट पाणी घेऊन रोज थोडा वेळ बसत जा." खरंच आराम पडायचा हो! पाण्यात बसले की आतलं सगळं सैल व्हायचं, डोळे आपोआप मिटायचे.

सासरी परतले आणि झालं! आमच्याकडे अंगणातला बंब पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, पेटतो आणि पाणी आधी पुरुषांचं. सासरे, मग नवरा, मग सासू. माझ्या वाट्याला तळातलं, गारढोण. जास्तीचं मागितलं तर सासू म्हणे, "काहून? आमी काय लेकरं नाई काढले?"

तरी मी चुलीवर पातेलं ठेवायचीच. एके दिवशी शेजारणी कुरडया घालायला आल्या होत्या आणि मी न्हाणीत टबात बसले होते. सासू अंगणातून मोठ्यांदा सांगते, "आमची सून म्हैस झाली माय, डबक्यात बसून राहिली!" सगळ्या खो खो हसल्या. त्या जाईस्तोवर मी बाहेर आले नाही. दुसऱ्या दिवशी टब गोठ्यात, त्यात सरकीची ढेप भिजत घातलेली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे, "तू मायसंग काहून भांडून राहिली?" त्याच दिवशी मनात म्हटलं, थांब म्हातारे, तुझीही वेळ येईल.

गेल्या हिवाळ्यात आली. मी भांडी घासत होते. सासू जवळ येऊन हळूच म्हणते, "मले थोडं गरम पानी देशीन का? बसाले. खाली लय दुखते."

अस्सं! सापडली एकदाची.

"देते ना," मी म्हटलं, "पण असं कुजबुजून नाही. चला ओसरीवर, मामाजींसमोर सांगा काय दुखतं ते." सासऱ्यांना मी मामाजी म्हणते.

"असं नको करू व माय," ती म्हणाली. मी ढिम्म हलले नाही. मला तिची मान खाली गेलेली बघायची होती, अगदी पोटभर.

ओसरीवर सासरे आणि नवरा चहा पीत होते. ती खांबाला धरून उभी राहिली, पदर तोंडाशी. मग एकदम म्हणाली, "मले खाली दुखते. अंग बाहेर येते. बसाले गरम पानी पायजे."

नवरा बशीत बघायला लागला. सासऱ्यांनी विचारलं, "कवापासून?"

"हा झाला तवापासून," तिने नवऱ्याकडे बोट केलं.

माझ्या नवऱ्याचे कल्ले पिकलेत. मान त्याची खाली गेली, सासऱ्यांची गेली. तिची नाही गेली. माझा राग होता तसाच होता, फक्त तिच्यावरचा उठून त्या दोघांवर जाऊन बसला. सासऱ्यांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हा चढवला.

"चहा ठेवा खाली," मी म्हटलं. "उठा दोघं, अन् बंब पेटवा. उद्या मायले अकोल्याले दवाखान्यात न्या लागते."